मऊ निघालेली गाठ आणि सुईचा निर्णय

रुग्ण 52 वर्षांच्या, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या. घरी भातशेती, थोडा ऊस, दोन म्हशी. पाळी बंद होऊन वर्ष होत आलेलं. घराण्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाल्याचं ऐकिवात नाही. तक्रार एकच, उजव्या छातीत गाठ लागते. उन्हाळ्यात आंघोळ करताना ती पहिल्यांदा हाताला लागली. मग पाऊस तोंडावर आला, तरव्याची आणि लावणीची घाई सुरू झाली, आणि घरात सांगायचं राहूनच गेलं. "दुखत न्हवतं न्हवं, म्हणून गप बसलो बघा," असं त्या म्हणाल्या. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी असते. त्यासाठी गावच्या आशाताई घरी आल्या, तेव्हा ही गोष्ट बाहेर पडली. बेळगावात माझ्याकडे सोनोग्राफीला येईपर्यंत श्रावण लागला होता. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण त्यांच्या फायलीतला एक रंगीत कागद. आधी दुसऱ्या एका केंद्रावर त्यांची सोनोग्राफी झाली होती आणि सोबत इलास्टोग्राफीही, म्हणजे गाठ किती कडक किंवा मऊ आहे ते रंगांत दाखवणारी तपासणी. कागदावर दोन गाठी होत्या. उजवीकडची 24 मिलिमीटरची, तीच त्यांच्या हाताला लागत होती. डावीकडची 14 मिलिमीटरची, तिची कुणाला कल्पनाच नव्हती. उजवीबद्दल शेरा होता: मिश्र रंग, संशयास्पद. डावीबद्दल: मऊ, गुण 2, बहुधा फायब्रोअॅडिनोमा, बाय-रॅड्स 3, सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे. (फायब्रोअॅडिनोमा म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, आणि बाय-रॅड्स म्हणजे कॅन्सरची शक्यता किती ते सांगणाऱ्या श्रेणी.) सासू, मुलगा, सून, तिघंही उजव्या गाठीने हादरली होती. डावीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

भीती चुकीच्या बाजूला बसली होती. ती कशी बसली आणि कशी हलवावी लागली, ते पुढे.

रंगांची पट्टी

मुलाने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं की लाल म्हणजे कडक आणि कडक म्हणजे कॅन्सर. उजव्या गाठीच्या चित्रात तळाशी ठळक लाल पट्टा होता. तो दिसल्यापासून त्याला रात्री झोप नव्हती.

इलास्टोग्राफीच्या यंत्रांत रंगांची एकच रीत नाही, आणि रुग्णांच्या हाती रंगीत कागद देताना हे आपण सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. हाताच्या हलक्या दाबावर चालणाऱ्या पद्धतीत, जिला आम्ही स्ट्रेन म्हणतो, 1 (सर्वात मऊ) ते 5 (सर्वात कडक) गुणांची जी पट्टी सर्वात जास्त वापरली जाते तिच्यात निळा म्हणजे कडक, हिरवा मधला आणि लाल म्हणजे मऊ. शिअर वेव्ह या दुसऱ्या पद्धतीच्या (ती पुढे सांगते) बऱ्याच यंत्रांत बरोबर उलट असतं, लाल कडक आणि निळा मऊ. पट्टी चित्राच्या कडेला छापलेली असते, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि तीही इंग्रजीत, की शेतावरून आलेल्या माणसाने ती वाचावी ही अपेक्षाच अवाजवी आहे. मी आता प्रत्येक प्रिंटवर पेनाने पट्टीच्या एका टोकाला "कडक" आणि दुसऱ्या टोकाला "मऊ" लिहून देते. यंत्र बदललं तरी कागद खोटं बोलत नाही.

त्या कागदावरचं चित्र स्ट्रेन पद्धतीचं होतं. त्यामुळे तळाचा लाल पट्टा कडकपणाचा नव्हताच. शिवाय वर निळा, मध्ये हिरवा, खाली लाल असे तीन थर एकावर एक नीट रचलेले दिसत होते. हा नमुना आमच्या ओळखीचा आहे. काही कंपन्यांच्या यंत्रांवर द्रवाने भरलेली गाठ, म्हणजे सिस्ट, अशीच तीन थरांत उमटते. द्रवातून यंत्राला दाबाचा खरा हिशोब मिळत नाही, म्हणून रंगांचा हा आभास तयार होतो. रिपोर्टात त्याला "मिश्र रंग" म्हटलं होतं. तसं वाचलं तर कुणीही घाबरेल.

आधी रंग बंद

तपासणीच्या खोलीत गर्भलिंग निदानाच्या कायद्याचा तो सक्तीचा फलक आहेच. त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "सोनोग्राफी म्हंजे पोटुशा बायकांची न्हवं वो मॅडम? ह्या वयात मला काय लाज वाटाय लागल्या." आमच्या भागात पन्नाशीच्या बायका सोनोग्राफीला तयार होत नाहीत त्यामागे हेही एक कारण असतं. मी म्हटलं, "आक्का, यंत्र तेच, पण छातीसाठीचा प्रोब निराळा. सूनबाईंना आत बोलवूया, त्या उभ्या राहतील जवळ." सून आत आली. मुलगा बाहेर थांबला.

स्तनाची तपासणी करताना मी रंगाचं बटण आधी दाबत नाही. हात डोक्याच्या वर, अंग थोडं कलतं, म्हणजे स्तन छातीच्या पिंजऱ्यावर सपाट पसरतो. मग दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा पूर्णपणे करड्या चित्रात बघायच्या. गाठीचा आकार, कडा, आतला पोत, मागची सावली किंवा उजळपणा, रक्तपुरवठा, सगळं लिहून झालं आणि श्रेणी ठरली, की मगच इलास्टोग्राफी. क्रम उलटा झाला तर डोळा रंगावर अडकतो आणि कडा नीट बघायचं राहून जातं.

उजवी गाठ, स्तन घड्याळाची तबकडी धरला तर, 10च्या काट्यावर. कडा गुळगुळीत, भिंत पातळ, आत बारीक बारीक ठिपके तरंगणारे, मागे उजळपणा, डॉपलरवर आत रक्तप्रवाह नाही. गढूळ पाण्याचा सिस्ट असावा असं वाटलं, पण आतले ठिपके दाट असले की घट्ट फायब्रोअॅडिनोमाही असाच दिसतो, त्यामुळे पूर्ण खात्री नव्हती.

डावी 2च्या काट्यावर, बोंडापासून 4 सेंटिमीटर. ती बघायला वेळ लागला, कारण तिचा करडेपणा आजूबाजूच्या चरबीसारखाच होता. चरबीत चरबीच्या रंगाची गाठ लपते. प्रोब हळूहळू फिरवला तेव्हा ती तीन बाजूंनी गोलसर, शांत वाटली. चौथ्या, काखेकडच्या बाजूला मात्र कड सरळ नव्हती, तिथे बारीक बारीक उंचवटे होते, एकाला लागून एक. मागे उजळपणा होता. काखेतल्या ग्रंथी नेहमीसारख्या. मॅमोग्राफीत त्याच जागी एक लंबगोल सावली होती, तिची एक कड झाकलेली.

इथे माझं मत स्पष्ट होतं आणि आजही आहे. पाळी गेलेल्या बाईत नव्याने सापडलेली घट्ट, म्हणजे द्रवाने न भरलेली, गाठ, आणि तिची एक कड बारीक उंचवट्यांची, हिला बाय-रॅड्स 3 म्हणता येत नाही. श्रेणी 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी. 4अ म्हणजे 2 ते 10 टक्के, 4ब म्हणजे 10 ते 50 टक्के. मी 4ब लिहिलं. रंगाचं बटण तोवर दाबलेलं नव्हतं.

दाब किती, हाताला कळला पाहिजे

या शास्त्राची मूळ कल्पना आपल्या हाताची आहे. कणकेच्या गोळ्यात सुकी गुठळी राहिली तर दाबताना बाकीची कणीक पसरते आणि गुठळी तशीच राहते. डॉक्टर बोटांनी गाठ चाचपतात तेव्हा हेच शोधत असतात. 1991 साली जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ह्यूस्टन इथे हे अल्ट्रासाउंडच्या लहरींवरून मोजून दाखवलं: दाबण्याआधीचे प्रतिध्वनी आणि थोडं दाबल्यानंतरचे प्रतिध्वनी यांची तुलना करायची, जिथे ऊती कमी दबली तिथे कडकपणा जास्त. स्ट्रेन पद्धत ती हीच. तिच्यात किलोपास्कलचा, म्हणजे कडकपणाच्या मापाचा, आकडा येत नाही, शेजारच्या ऊतीपेक्षा कडक की मऊ एवढंच कळतं.

शिअर वेव्ह पद्धतीत दाब हाताचा नसतो. प्रोब स्वतःच ध्वनीचा एक जोरदार ठोका आत सोडतो, त्याने ऊतीत आडव्या दिशेने सरकणारी एक लहर उठते, आणि यंत्र सेकंदाला हजारो चित्रं घेऊन तिचा वेग मोजतं. ऊती जितकी कडक तितकी लहर वेगवान. वेगाच्या वर्गाला घनतेने आणि तिनाने गुणलं की किलोपास्कलमध्ये कडकपणा मिळतो. सेकंदाला 5.2 मीटर वेग म्हणजे सुमारे 80 किलोपास्कल, 7.3 मीटर म्हणजे सुमारे 160. पातळ द्रवातून ही लहर जातच नाही, त्यामुळे सिस्टमध्ये रंग भरत नाही.

हात हलका असेल तरच यातलं काहीही खरं ठरतं. प्रोब थोडा जरी जास्त टेकला तरी आतली सगळी ऊती ताणली जाते आणि निरोगी चरबीसुद्धा कडक दिसू लागते. मी जेलचा जाड थर घालते, प्रोब त्यावर जवळजवळ तरंगता ठेवते. त्वचेखालच्या चरबीतले दोरे चित्रात कमानीसारखे वाकडे दिसले पाहिजेत. ते सपाट झाले की समजायचं, दाब जास्त झाला. रंगाची चौकट चरबीपासून छातीच्या स्नायूपर्यंत मोठी घ्यायची, गाठ तिच्या चौथाईहून कमी भरेल अशी. श्वास रोखून काही सेकंद स्थिर. स्ट्रेनसाठी तर बऱ्याचदा हात हलवावाही लागत नाही, श्वासाने आणि काळजाच्या ठोक्याने जेवढी हालचाल होते तेवढी पुरते.

सूनबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांना सासूच्या डाव्या छातीत गाठ नसलेली जागा दाखवली, तिथे सगळं निळं, म्हणजे आमच्या यंत्रावर मऊ. मग आक्कांना विचारून त्याच जागी प्रोब किंचित दाबला. निळ्याचा हिरवा झाला, मग पिवळसर. उचलला, पुन्हा निळा. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे हातावर आहे की वो सगळं." एवढं एकच वाक्य त्यांनी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

दोन गाठींचे दोन निकाल

उजव्या गाठीत शिअर वेव्हचा रंग भरलाच नाही, आतली जागा करडीच राहिली, आणि भोवती कडक कडं नव्हतं. हे महत्त्वाचं, कारण फार कडक कॅन्सरमध्येही कधी कधी मध्यभागी रंग भरत नाही, पण मग कडेला कडकपणाची किनार दिसते. इथे ती नव्हती. आधीच्या कागदावरचे तीन थर आणि आताची रिकामी जागा, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. बोटाला ती गाठ टणक लागत होती, कारण ताणून भरलेला सिस्ट दाबाखाली असतो. बोटाला लागतो तो भिंतीवरचा ताण. सोनोग्राफीखाली बारीक सुई घालून द्रव काढला. हिरवट तपकिरी, गढूळ, रक्त नाही. गाठ डोळ्यांसमोर बसली आणि भिंतीला आत काही चिकटलेलं उरलं नाही. आक्कांनी स्वतः हात लावून पाहिला. त्या बाजूचं प्रकरण तिथेच संपलं.

डाव्या गाठीचा सर्वात कडक बिंदू 62 किलोपास्कल भरला. स्ट्रेनवर हिरवट-निळसर मिश्रण, गुण 2, आधीच्या केंद्रासारखाच. म्हणजे त्यांची इलास्टोग्राफी चुकलेली नव्हती. गाठ मऊच होती.

आणि इथेच कुटुंबाचा प्रश्न उभा राहिला, तोही रास्त. मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन ठिकाणी मऊ आलंय. मग सुई कशाला? गाठीला सुई लागली की ती चवताळते असं म्हणतात आमच्याकडं." हा समज खानापूर, चंदगड, निपाणी, सगळीकडे ऐकू येतो, आणि तो झिडकारून चालत नाही, गावात कुणीतरी सुईनंतर वारलेलं असतं, आणि ते सुईमुळे गेलं असंच लोकांच्या मनात असतं. खरं तर बहुतेकदा त्या व्यक्तीला सुई लागेपर्यंतच फार उशीर झालेला असतो. सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सरकू शकतात हे खरं आहे, पण त्यामुळे आजार पसरून आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. हे मी त्यांना जसं आहे तसं सांगितलं.

मग मऊपणाचं. स्ट्रेनची जी 1 ते 5 गुणांची पद्धत, ती जपानमधल्या इतो आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केली. त्या अभ्यासात 111 गाठी होत्या, त्यातल्या 52 कॅन्सरच्या. 4 आणि 5 गुणांना कॅन्सर धरलं तर त्यांची पद्धत 52 पैकी 45 पकडत होती. उरलेल्या 7 गाठींना 3 किंवा त्याहून कमी गुण मिळाले होते. "मोठ्या शास्त्रज्ञांच्या हातून, चांगल्या यंत्रावर, 52 बायकांमधल्या 7 जणींचा कॅन्सर मऊ बाजूला पडला होता," असं मी मुलाला म्हटलं. टक्केवारी सांगितली असती तर 86.5 टक्के हा आकडा त्याला चांगलाच वाटला असता. आक्का इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "घाला सुई. एकदाचं कळू दे."

62 या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण आमच्या क्षेत्रातल्या लोकांना तो जास्त बोचेल. 2012 साली अमेरिका आणि युरोपातल्या 16 केंद्रांनी मिळून 939 गाठींचा शिअर वेव्ह अभ्यास प्रसिद्ध केला. करड्या चित्राच्या श्रेणीला कडकपणाची जोड दिली तेव्हा निरुपद्रवी गाठी निरुपद्रवी म्हणून ओळखण्याचं प्रमाण सुमारे 61 टक्क्यांवरून 78 टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे कित्येक बायकांची विनाकारण होणारी बायोप्सी टळू शकते, आणि हा फायदा खरा आहे. कॉलेजातल्या मुलीची गुळगुळीत कडांची गाठ मऊ निघाली तर मीही याच आधारावर सुई टाळते आणि सहा महिन्यांनी बोलावते. पण त्या अभ्यासात कमी कडकपणावरून खाली उतरवायची मुभा 4अ गाठींपुरती होती, आणि तिथली मर्यादा 80 किलोपास्कल. आमच्या या गाठीला कुणी 4अ म्हटलं असतं, तर 62 बघून ती नियमाप्रमाणे 3 मध्ये जाऊन बसली असती आणि आक्का सहा महिन्यांनी आल्या असत्या. सगळा निर्णय त्या काखेकडच्या कडेवरच्या बारीक उंचवट्यांवर टेकलेला होता, जे करड्या चित्रात दिसतात आणि रंग चढला की झाकले जातात. 2013च्या बाय-रॅड्स आवृत्तीतही कडकपणाला मऊ, मध्यम, कडक असं स्थान दिलं आहे ते सोबतची खूण म्हणून. आकार आणि कडा यांच्या वर त्याला बसवलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.

सुई

सहमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत छापलेलं होतं. सूनबाईंचं शिक्षण कन्नड माध्यमातलं, त्यांनी ते घडाघडा वाचून सासूला मराठीत सांगितलं. तरी मी एका कोऱ्या कागदावर मराठीत चार ओळी लिहिल्या: कोणत्या बाजूची गाठ, काय करणार, काय त्रास होऊ शकतो, नको म्हणायचा हक्क आहे. आक्का मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं आणि सही केली. सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा मराठी कागद जवळ ठेवावा असं मला मनापासून वाटतं. ज्याच्या अंगाला सुई लागणार त्याला वाचता येईल अशा भाषेत तो असला पाहिजे, त्याचा राजकारणाशी काही संबंध नाही.

जागा बधिर केली. 14 गेजची सुई, यंत्राचा खटका वाजणार हे आधीच वाजवून दाखवलं, म्हणजे दचकायला होत नाही. पहिला तुकडा बाहेर आला तेव्हाच शंका आली. नेहमी कॅन्सरचे तुकडे पांढरट, करकरीत, दोऱ्यासारखे ताठ येतात. हा चकचकीत, अर्धपारदर्शक, बुळबुळीत होता आणि सुईच्या खाचेला चिकटून राहत होता. उंचवट्याच्या बाजूने आणि मधून मिळून पाच तुकडे घेतले, फॉर्मॅलिनमध्ये टाकले, दहा मिनिटं दाबून धरलं. मागणीपत्रावर मी लिहिलं, "इलास्टोग्राफीवर मऊ, तुकडे चिकट, म्युसिनकडे लक्ष द्यावे." पॅथॉलॉजिस्टला आपण काय पाहिलं ते कळवायला दोन ओळी लागतात, आणि त्या लिहायचा कंटाळा करू नये.

निदान आलं म्युसिनस कार्सिनोमा. म्युसिन म्हणजे श्लेष्मासारखा द्रव, त्याच्या तळ्यांत कॅन्सरपेशींचे छोटे पुंजके तरंगत होते. हार्मोन रिसेप्टर (पेशींतली हार्मोन पकडणारी प्रथिनं) दोन्ही जोरात पॉझिटिव्ह, हर-2 (पेशींना वाढवणारं आणखी एक प्रथिन) निगेटिव्ह.

मऊपणाचं कोडं तिथे सुटतं. नेहमीचा कॅन्सर कडक होतो तो पेशींमुळे कमी आणि पेशींभोवती शरीर जे तंतूंचं घट्ट जाळं विणतं त्यामुळे जास्त. म्युसिनस प्रकारात त्या जाळ्याऐवजी जेलीसारखा द्रव भरलेला असतो. म्हणून तो दाबला की दबतो, शिअर लहर सावकाश जाते, सोनोग्राफीत चरबीसारखा दिसतो, मागे सिस्टसारखा उजळपणा येतो. निरुपद्रवी गाठीची जेवढी लक्षणं आम्ही शिकवतो, त्यातली बरीच याच्यात असतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण साधारण 2 टक्के. हे थोडं वाटतं. पण ग्लोबोकॅनच्या 2022च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर नव्याने आढळतो. तेच प्रमाण धरलं तर या मऊ गाठीच्या काही हजार बायका दरवर्षी असतील. शिवाय फसवणारा हा एकटाच नाही. भराभर वाढणारे काही ट्रिपल निगेटिव्ह (वरच्या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असलेले) कॅन्सर, मध्यभागी कुजलेल्या गाठी, नलिकांच्या आतच असलेला सुरुवातीचा कॅन्सर, हेही मऊ दिसू शकतात. उलट बाजूने, क्षयाची गाठ, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाचा एक दाह), मार लागून मेलेली चरबी आणि चुना साचलेला जुना फायब्रोअॅडिनोमा हे कॅन्सर नसूनही दगडासारखे कडक उमटतात. आमच्या भागात क्षय अजून आहे, त्यामुळे कडक रंग दिसला म्हणून लगेच घरच्यांना बाजूला घेऊन वाईट बातमी देणं हेही तितकंच चूक.

उपचार

निदान सांगताना मुलगा, सून आणि आक्का तिघंही समोर होती. मुलाने आधी खुणेने सुचवलं होतं की आईला सांगू नका. मी त्याला म्हटलं की सुईचा निर्णय तिने घेतला, तर निकालही तिचाच. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "उजवी न्हवंच म्हणायची." मग विचारलं, भाताची कापणी व्हायच्या आत सगळं आटपेल का.

कुठे जायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. नणंद कोल्हापुरात, मामा मिरजेला, दोन्हीकडून बोलावणं. पण रेशनकार्ड कर्नाटकातलं, त्यावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि पुढच्या रेडिएशनसाठी आठवड्यातले पाच दिवस ये-जा करायची तर खानापूरहून बेळगाव जवळ. म्हणून बेळगावातच करायचं ठरलं. ठिकाण निवडताना लोक डॉक्टरचं नाव आधी विचारतात. रेडिएशनला रोज जाणं जमेल का, हे त्याआधी विचारायला हवं.

स्तन राखून शस्त्रक्रिया झाली, काखेतली पहिली ग्रंथी तपासली, ती स्वच्छ होती. बायोप्सीत शुद्ध म्युसिनस वाटलेली गाठ संपूर्ण काढल्यावर तशीच निघाली का हे पाहणं गरजेचं असतं, कारण नेहमीच्या कॅन्सरची त्यात भेसळ असेल तर आजाराची चाल बदलते. इथे ती शुद्ध निघाली, मापही 14 मिलिमीटरच. केमोथेरपी लागली नाही. तीन आठवडे रेडिएशन, आणि हार्मोनची गोळी किमान 5 वर्षं. शुद्ध म्युसिनस प्रकार इतर बऱ्याच प्रकारांपेक्षा सौम्य वागतो, हे ऑन्कॉलॉजिस्टनी त्यांना समजावून सांगितलं. कापणीला त्या बांधावर बसून होत्या, विळा सुनेच्या हातात.

वर्षाने पाहणी केली तेव्हा डाव्या बाजूला शस्त्रक्रियेच्या व्रणाची जागा शिअर वेव्हवर लालभडक दिसली. टाके आणि रेडिएशन यांनी ऊती घट्ट होते, त्यामुळे त्या जागेचा रंग आता काहीच सांगत नाही. रिपोर्टात मी कडकपणाचा आकडा लिहिलाच नाही, व्रणाची कड आणि माप आधीच्या चित्राशी ताडून लिहिलं. बदल नव्हता. उजवीकडे सिस्टच्या जागी थोडं पाणी पुन्हा भरलं आहे, 6 मिलिमीटर, स्वच्छ, भिंत पातळ. तिला हात लावायची गरज नाही. दोन्ही बाजूंची पुढची मॅमोग्राफी वर्षाने ठरली आहे, आणि मामांच्या घरच्या 45 वर्षांच्या सुनेलाही सूनबाईंनी तपासणीला घेऊन यायचं कबूल केलं आहे.